एलिऑनबाईंची न झालेली पीएच.डी. आणि तुमची नोकरी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच प्रश्नाला उत्तर द्यायला नको. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली आहे, दोन वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एचपीएलसीसमोर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर, गेली आहेत. आता एका लहान ड्रग डिस्कव्हरी कंपनीत सिंथेसिसची, म्हणजे नवे रेणू बनवण्याची, नोकरी मिळते आहे आणि नेमकी त्याच वेळी पीएच.डी.ची जागाही समोर आली आहे. अमेरिकी औषध-संशोधक गर्ट्रूड एलिऑन यांना पीएच.डी. नसताना १९८८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं हे वाचल्यापासून तुमचा कल नोकरीकडे आहे. घरचे म्हणतात, असली उदाहरणं लाखांत एक. कोणाचं बरोबर?

मी सव्वीस वर्षं मेडिसिनल केमिस्ट्री करते आहे. माझ्याकडे पीएच.डी. आहे, तेव्हा ‘पदवीवाचून काही अडत नाही’ हे मी सांगणं म्हणजे जेवून उठलेल्यानं उपासाचे फायदे सांगण्यासारखं होईल. शिवाय ते खरंही नाही, अडतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत एम.एस्सी. आणि पीएच.डी. यांच्या बढतीच्या वाटाच वेगळ्या असतात आणि एका वाटेवरून दुसरीवर जाणं सोपं नसतं. किती अडतं हे मात्र कंपनीवर आणि देशावर अवलंबून आहे. ते तिथे सात-आठ वर्षं काढलेल्या एम.एस्सी. माणसालाच विचारा, एचआरला नको.

पण एलिऑनबाईंच्या आयुष्यातून तुम्ही जे काढताय, ते मला चुकीच्या पानावरून काढलेलं वाटतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न पदवीचा नाहीच. तुम्ही बनवलेलं कंपाउंड बाटलीत भरून, लेबल लावून पाठवलं, की त्याचं पुढे काय होतं हे तुम्हाला बघायला मिळणार का, हा आहे. असं का म्हणते ते सांगते, पण त्यासाठी त्यांची गोष्ट नीट बघावी लागेल.

पहिली दुरुस्ती म्हणजे एलिऑनबाईंनी पदवी झिडकारली नव्हती. पदवीच्या दारातून त्यांनाच परत पाठवलं गेलं होतं, आणि तेही दोनदा.

जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कचा. वडील दंतवैद्य होते. १९२९ साली शेअर बाजार कोसळला त्यात घरचा पैसा गेला. पंधरा वर्षांच्या असताना लाडके आजोबा पोटाच्या कर्करोगानं गेले आणि मुलीनं रसायनशास्त्र घ्यायचं ठरवलं. हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती म्हणून शिकता आलं. १९३७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या फळीतले गुण मिळवून पदवी घेतली. पुढे फेलोशिपसाठी पंधरा ठिकाणी अर्ज केले आणि एकही मिळाली नाही. एका मुलाखतीत तर तोंडावर सांगितलं गेलं की प्रयोगशाळेत बाई आली की बाकीच्यांचं लक्ष उडेल. (आपल्याकडे कमला सोहोनींची गोष्ट माहीत असेलच. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना आधी नकारच मिळाला होता. दोन खंड आणि एकच दशक.)

मग काय काय केलं? काही आठवडे सेक्रेटरीचा कोर्स केला. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना तीन महिने जीवरसायनशास्त्र शिकवलं. एका केमिस्टच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला बिनपगारी राबल्या. थोडे पैसे साठल्यावर १९३९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या. रसायनशास्त्राच्या त्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. पुढे दिवसा शाळांत बदली शिक्षिका म्हणून शिकवायचं आणि रात्री, शनिवार-रविवार प्रयोग करायचे, असं करत १९४१ ला मास्टर्स पूर्ण केलं. त्याच वर्षी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो तरुण हृदयाच्या आतल्या आवरणाच्या जिवाणूसंसर्गानं गेला. आणखी काही वर्षांनी पेनिसिलिन हाताशी आल्यावर तोच आजार बरा होऊ लागला. बाईंनी पुढे लग्न केलं नाही.

आता तुमच्या क्वालिटी कंट्रोलच्या दोन वर्षांबद्दल. ‘वाया गेली’ असं तुम्ही लिहिलंय. एलिऑनबाईंनी एका खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रयोगशाळेत लोणच्यांची आम्लता मोजली आहे आणि मेयोनीजचा रंग तपासला आहे. दीड वर्षानं, यात आता नवीन शिकण्यासारखं काही उरलं नाही असं वाटल्यावर त्या तिथून निघाल्या. मला त्यांच्या चरित्रातली ही जागा नोबेलपेक्षा जास्त आवडते. कंटाळा आला म्हणून कोणीही नोकरी सोडतो. इथे शिकणं संपलं, हे ओळखून सोडणारे कमी असतात.

मग महायुद्ध आलं, पुरुष केमिस्ट आघाडीवर किंवा युद्धाच्या कामावर गेले आणि प्रयोगशाळांची दारं बायकांसाठी किलकिली झाली. जून १९४४ मध्ये त्या न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावात बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या सहायक म्हणून रुजू झाल्या. संध्याकाळी ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये पीएच.डी. सुरू केली, लांबचा प्रवास करून. काही काळानं तिथून निरोप आला की असं अर्धवेळ चालणार नाही, नोकरी सोडून पूर्णवेळ या. त्यांनी नोकरी ठेवली. पुढे मानद पदव्यांची रांग लागली, त्याच पॉलिटेक्निकची १९८९ मध्ये, नोबेल झाल्यावर!

तर त्या नोकरीत असं काय होतं की तिच्यासाठी डॉक्टरेट सोडावी?

हिचिंग्ज यांची कल्पना अशी: पेशी वाढायची तर तिला न्यूक्लिक आम्लं लागतात, आणि न्यूक्लिक आम्लांना प्युरिन व पिरिमिडिन नावाच्या विटा लागतात. कर्करोगाची पेशी, जिवाणू, विषाणू यांची वाढ झपाट्याची असते, म्हणजे विटांची भूकही मोठी. खऱ्या विटेसारखी दिसणारी खोटी वीट दिली, तर बांधकाम अडेल. सल्फा औषधं जिवाणूंना अशीच फसवतात हे नुकतं कळलं होतं. पण डीएनएची रचना समजायला अजून नऊ वर्षं होती. म्हणजे इमारतीचा नकाशा हातात नसताना खोट्या विटा पाडायच्या. प्युरिन बनवायच्या पद्धती बहुतेक जुन्या जर्मन साहित्यात, आणि बनवलेलं कंपाउंड तपासायला लॅक्टोबॅसिलस केसाय नावाचा जिवाणू. तो वाढतो की अडतो, एवढंच बघायचं.

यातली खरी गोम अशी की एलिऑनबाईंना फक्त ‘बनव’ असं सांगून थांबवलं गेलं नाही. बनवलेलं कंपाउंड काय करतं हा प्रश्न त्यांना मायक्रोबायॉलॉजीत घेऊन गेला, तिथून बायोकेमिस्ट्रीत, मग फार्माकॉलॉजी, इम्युनॉलॉजी आणि शेवटी व्हायरॉलॉजीत. रसायनशास्त्राच्या बाहेर पाऊल टाकू नकोस असं हिचिंग्ज यांनी कधी म्हटलं नाही, हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. माझ्या लेखी त्यांची पीएच.डी. ती हीच.

माझ्या पहिल्या नोकरीतला एक किस्सा इथे सांगते. आम्ही चौघे केमिस्ट एका एंझाइमवर (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर) काम करत होतो. मी तीसेक कंपाउंड बनवली, टीएलसी स्वच्छ, एनएमआर सुरेख, म्हणजे शुद्धता आणि रचना दोन्ही ठीक. बाटल्या वरच्या मजल्यावर जायच्या आणि आठ-दहा दिवसांनी, कुठलं कंपाउंड एंझाइमवर किती चालतं त्या आकड्यांची एक्सेल शीट यायची. आकडे कितीही डोकं लढवलं तरी एका मर्यादेपुढे सुधारेनात. पाच महिने मी कधी क्लोरीन लाव, कधी मिथाइल काढ, असं करत होते. एकदा कसलासा फॉर्म सही करून घ्यायला वर गेले, तर तिथल्या टेक्निशियनबाईंनी सहज चाचणीची प्लेट उजेडात धरून दाखवली. माझी निम्मी कंपाउंड चाचणीच्या द्रावणात विरघळतच नव्हती. तळाशी पांढरा साका. त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. मला वाटलं होतं आकडे म्हणजे सत्य. चूक त्यांची नव्हती. पाच महिन्यांत मी एकदाही जिना चढले नव्हते.

एलिऑनबाई आयुष्यभर जिना चढत राहिल्या. त्यांच्या औषधांची यादी बहुतेक चरित्रांत दागिन्यांसारखी मांडलेली असते, हे एक, हे दुसरं. प्रत्यक्षात ती एकातून एक निघालेली साखळी आहे, आणि प्रत्येक कडी ‘त्या कंपाउंडचं पुढे काय झालं?’ या प्रश्नातून आलेली आहे.

सुरुवात डायअमिनोप्युरिनपासून, १९४८ च्या सुमारास. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांवर त्याचा परिणाम दिसला. एक तरुणी तर दोन वर्षं बरी राहिली, तिला मूल झालं, मग आजार उलटला आणि ती गेली. औषध विषारीही होतं, उलट्या सोसवत नसत. पुढे १९५१ पर्यंत शंभरावर प्युरिनं बनवून, तपासून झाली होती. त्यातलं एक, प्युरिनच्या सहाव्या जागेवरचा ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवलेलं, म्हणजे ६-मरकॅप्टोप्युरिन. सगळा बदल एका अणूचा. तेव्हा तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी निम्मी तीन-चार महिन्यांत दगावत. या औषधानं तो काळ वर्षभरावर गेला आणि १९५३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण मुलं बरी होऊन पुन्हा आजारी पडत. आज त्यातली बहुसंख्य मुलं बरी होतात ती अनेक औषधं एकत्र देऊन, आणि त्या एकत्रित उपचारात हे औषध अजूनही आहे.

माझ्या ओळखीतले बहुतेक केमिस्ट इथे थांबले असते. औषध मान्य झालं, पुढचा प्रकल्प. बाईंनी विचारलं, शरीरात शिरल्यावर या रेणूचं नक्की काय होतं? रुग्णांच्या लघवीतून काय बाहेर पडतं ते शोधलं. कळलं की झँथिन ऑक्सिडेज नावाचं एंझाइम त्याचा बराचसा भाग निकामी करून टाकतं. मग त्या एंझाइमलाच रोखलं तर? तसा एक रेणू त्यांच्याकडे होता, अॅलोप्युरिनॉल. त्यानं मरकॅप्टोप्युरिन जास्त टिकलं खरं, पण परिणामाबरोबर विषारीपणाही तेवढाच वाढला. कर्करोगाच्या दृष्टीनं हाती काही लागलं नाही. मात्र तेच एंझाइम शरीरात युरिक अॅसिड तयार करतं, आणि रुग्णांचं युरिक अॅसिड उतरलेलं दिसलं. गाउटचं, म्हणजे सांध्यांत युरिक अॅसिड साचून होणाऱ्या दुखण्याचं, औषध सापडलं ते असं. १९६६ पासून ते बाजारात आहे आणि तुमच्या-माझ्या नात्यातला एखादा काका आजही ते घेत असेल. (जाता जाता, महत्त्वाचं म्हणून: मरकॅप्टोप्युरिन किंवा त्यापासूनच बनवलेलं अॅझाथायोप्रिन चालू असताना अॅलोप्युरिनॉल सुरू केलं तर पहिल्या औषधाची मात्रा पाव ते एक तृतीयांशावर आणावी लागते, नाहीतर अस्थिमज्जा कोलमडते. कारण वर सांगितलेलंच. साठ वर्षांपूर्वीचा तो प्रयोग आजही फार्मासिस्टच्या रोजच्या कामात जिवंत आहे.)

दुसरी फांदी अॅझाथायोप्रिनची. मरकॅप्टोप्युरिनवर एक झाकण बसवायचं, जे पेशीत गेल्यावर उघडेल, अशी मूळ कल्पना. ल्युकेमियात ते फारसं सरस ठरलं नाही. दरम्यान बॉस्टनमध्ये श्वार्ट्झ आणि डॅमशेक या डॉक्टरांनी १९५८ मध्ये दाखवलं की मरकॅप्टोप्युरिन दिलेल्या सशांच्या शरीरात अँटिबॉडी तयार होत नाहीत, म्हणजे परक्या गोष्टीला शरीराचा विरोध थंडावतो. रॉय कॅन या तरुण ब्रिटिश सर्जननं त्यावरून कुत्र्यांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणात ते वापरून पाहिलं, आणि टकाहोहून त्यांना अॅझाथायोप्रिन मिळालं. १९६२ मध्ये अमेरिकी सर्जन जोसेफ मरे यांनी नात्यात नसलेल्या माणसाचं मूत्रपिंड यशस्वीपणे बसवलं ते याच औषधाच्या आधारावर. इथे लक्षात घ्या, शोध श्वार्ट्झ-डॅमशेक यांचा, धाडस सर्जनांचं. पण बाहेरच्या प्रयोगशाळेतलं निरीक्षण आपल्या कपाटातल्या कुठल्या बाटलीशी जुळतं हे ओळखणारं कोणीतरी आत असावं लागतं.

आणि शेवटी पुन्हा डायअमिनोप्युरिन. १९४८ मध्येच ते एका विषाणूविरुद्ध थोडं चालतं असं दिसलं होतं, पण विषारी म्हणून बाजूला पडलं. वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, अॅडेनिन या प्युरिनच्या एका अरॅबिनोसाइडची (अरॅबिनोज ही साखर जोडलेल्या रेणूची) विषाणूविरोधी बातमी वाचून बाईंना ते जुनं पान आठवलं. डायअमिनोप्युरिनचं अरॅबिनोसाइड बनवून इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांकडे धाडलं, आणि ते हर्पीस विषाणूला रोखतं असं निघालं. पुढे त्यांच्याच कंपनीतल्या हॉवर्ड शेफर यांनी साखरेचं कडंच उघडून टाकलं, नुसती शेपटी ठेवली. त्या वाटेवर अॅसायक्लोव्हिर आलं. पण ते कशामुळे चालतं, याचं उत्तर खरं सुंदर आहे. रेणू आपण होऊन निरुपद्रवी आहे. विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणूचं स्वतःचं एंझाइम त्याला पहिला फॉस्फेट चिकटवतं, मग पेशीची एंझाइमं पुढचे दोन, आणि तयार झालेला रेणू विषाणूच्या डीएनएच्या साखळीची वाढ मध्येच थांबवतो. निरोगी पेशीत ते पहिलं एंझाइमच नाही, त्यामुळे तिथे जवळजवळ काहीच घडत नाही. चोरानं स्वतःच्या किल्लीनं स्वतःला कोंडून घ्यावं तसं. १९७७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव एलिऑन यांचं आहे. तोवर विषाणूला मारायचं तर पेशीलाही मारावं लागेल असाच समज होता. आज नागीण झाली की डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात त्या याच घराण्यातल्या.

आता परिस्थितीचा भाग, कारण घरच्यांचं म्हणणंही पोकळ नाही. बरोज वेलकमची मालकी वेलकम ट्रस्ट या धर्मादाय न्यासाकडे होती, त्यामुळे दर तिमाहीच्या नफ्याचा तगादा इतरांपेक्षा कमी. गट लहान होता. १९६२ नंतर आलेले अमेरिकेतले कडक औषध-नियम अजून यायचे होते, त्यामुळे बाटलीपासून रुग्णापर्यंतचं अंतर आजच्या मानानं थोडं होतं. आणि हिचिंग्ज यांच्यासारखा साहेब होता, जो वर सरकताना यांनाही वर घेत गेला. १९६७ मध्ये ते संशोधनाचे उपाध्यक्ष झाले आणि बाई प्रायोगिक उपचार विभागाच्या प्रमुख. यातलं काहीही तुमच्या हातात नाही. काही जण एलिऑनबाईंच्या जोडीला चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांचं नाव घेतात. त्यांच्याकडेही डॉक्टरेट नाही आणि २०१५ चं नोबेल आहे. पण त्या काळात चीनमध्ये डॉक्टरेटची पद्धतच नव्हती आणि त्यांचं काम लष्करी निकडीच्या सरकारी मलेरिया-प्रकल्पात झालं. त्यांच्या उदाहरणावरून तुमच्या नोकरीबद्दल काहीच ठरत नाही. उलट बाजूला आपल्याकडच्या रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी आहेत. एलिऑन टकाहोला रुजू झाल्या त्याच १९४४ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. घेतली, आणि त्यांच्या कामातून अपस्मार व मलेरियावरची औषधं उभी राहिली.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर त्या कंपनीत एवढंच खोदून विचारलं असतं. पहिलं, काम स्वतःच्या प्रकल्पांचं आहे की दुसऱ्यांसाठी कंत्राटावर? कंत्राटी सिंथेसिसमध्ये कित्येकदा टार्गेटचं, म्हणजे औषधानं शरीरात ज्यावर काम करायचं त्याचं, नावही केमिस्टला सांगत नाहीत. सांकेतिक क्रमांक, पाच ग्रॅम, तारीख. हात उत्तम तयार होतो, पण साखळीची पुढची कडी दिसत नाही. दुसरं, बायॉलॉजीचा कच्चा डेटा केमिस्टला बघता येतो का, की फक्त अंतिम आकडे? तिसरं, प्रकल्पाच्या बैठकीला एम.एस्सी. केमिस्ट बसतात का, आणि बसले तर बोलतात का? मुलाखतीनंतर ‘जरा प्रयोगशाळा दाखवाल का’ म्हणा आणि केमिस्ट्री-बायॉलॉजीची माणसं डबा एकत्र खातात का तेही बघून घ्या. हसू नका, मी नोकऱ्या अशाच निवडल्या.

उत्तरं बरी असतील तर नोकरी घ्या. दोन-तीन वर्षांनी पीएच.डी. करायची झाली तर प्रश्न घेऊन जाल, विषय मागायला नाही. कंत्राटी काम असेल आणि घरची आर्थिक ओढ नसेल, तर पीएच.डी. बरी, पण तीही डोळे मिटून नको. गाइडच्या विद्यार्थ्यांना विचारा की त्यांची कंपाउंड कोण तपासतं. ‘बाहेर पाठवतो, रिझल्ट येतात’ असं उत्तर आलं, तर तिथेही तोच जिना आहे आणि तोही कोणी चढत नाही. आर्थिक ओढ असेल तर कंत्राटी नोकरीही करा, फक्त तिथलं शिकणं कधी संपलं ते ओळखा.

आणि एचपीएलसी विसरू नका. लघवीत काय सापडलं हे शोधायला लागतं ते कौशल्य तुमच्याकडे आहे आणि सिंथेसिसवाल्या बऱ्याच जणांकडे नसतं. मुलाखतीत ते आधी सांगा. कंपनीच्या नावावर पेटंटं असतील तर दोन-तीन काढून ठेवा. त्यात शोधकर्त्यांची नावं असतात, कोण केमिस्ट, कोण बायॉलॉजीवाले, किती जण अजून तिथेच आहेत, हे तासाभरात कळतं. वाचताना अडलात तर पेटंटचा क्रमांक इथे टाका, कसं वाचायचं ते सांगते.